जमीन कुळाची झाली, पुढें काय?

शहरांतील सुशिक्षित घरांतून शेतीविषयीं बोलणें निघालें म्हणजे दोन मतें हटकून ऐकूं येतात. एक मत असें कीं, कूळकायद्यानें जमीन कसणाऱ्याला मिळाली, सहकारी साखर कारखाने निघाले, तेव्हां आतां शेतकऱ्यानें गरिबीची तक्रार करूं नये. दुसरें मत याच्या अगदीं उलट: कायदे सारे कागदावरच राहिले, खेड्यांत कांहींच बदललें नाहीं. माझें सारें नोकरीचें आयुष्य कोल्हापूर जिल्ह्यांतील खेड्यांच्या शाळांतून मास्तरकी करण्यांत गेलें. तेथें जें पाहिलें त्यावरून मला हीं दोन्ही मतें अपुरीं वाटतात. जमीन कोणाची, हा एक प्रश्न आहे. त्या जमिनीवर कुटुंबाचें पोट भरतें कीं नाहीं, हा दुसरा. पहिला प्रश्न कायद्यानें बराचसा सोडविला. दुसरा प्रश्न एकट्या कायद्यानें सुटण्यासारखा नव्हताच. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळें आपली सहानुभूति पुष्कळदां भलत्याच ठिकाणीं खर्च होते. म्हणून आज या दोहोंचा निरनिराळा विचार करूं.

प्रथम जुनी व्यवस्था काय होती तें पाहूं. कोल्हापूर हें पूर्वीं संस्थान होतें. त्यांतील कांहीं मुलूख खालसा, म्हणजे सारा थेट दरबारांत भरणारा, कांहीं जहागिरीचा. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी, तोरगल या जहागिरींचीं नांवें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक असतील. याशिवाय देवस्थानांचीं इनामें, व्यक्तींचीं इनामें आणि गांवकामगारांचीं वतनें होतीं. एकाच शिवारांत शेजारशेजारचीं चार शेतें चार निरनिराळ्या हक्कांनीं धरलेलीं असत. आणि या सर्व हक्कदारांच्या खालीं प्रत्यक्ष नांगर धरणारा जो मनुष्य, तो पुष्कळदां कूळ असे. कोणी रोख फाळ्यानें जमीन करी, कोणी धान्याच्या खंडानें, कोणी अर्ध्या वाट्यानें. पीक चांगलें आलें तर निम्मी रास धन्याच्या घरीं जाई. पीक बुडालें तर बी-बियाण्याचें कर्ज कुळाच्या डोक्यावर राही. शिवाय पुढच्या मृगाला तीच जमीन आपल्याकडे राहील अशी शाश्वती नसे. ज्याला उद्यांची खात्री नाहीं तो बांध कशाला घालील, विहीर कशाला पाडील आणि शेणखत कोणासाठीं ओढील? जमीन नापीक राहण्याचें हें एक मोठें कारण होतें. तें आळसांत नसून व्यवस्थेंत होतें.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का कोल्हापुरांत राजर्षि शाहू महाराजांनीं दिला. सन १९१८ मध्यें त्यांनीं कुलकर्णी वतनें बंद केलीं आणि गांवचें दप्तर पगारी तलाठ्यांच्या हातीं दिलें. त्याच सालीं त्यांनीं महार वतनही मोडलें. महार वतनाचा अर्थ असा कीं, जमिनीचा एक लहानसा तुकडा एका कुळीला दिलेला. त्याच्या मोबदल्यांत त्या कुळीच्या साऱ्या घरांनीं रात्रंदिवस गांवकी व सरकारी राबणूक करावयाची. जमीन वाढत नसे, माणसें वाढत. राबणूक मात्र सर्वांवर सारखीच बसे. महाराजांनीं त्या जमिनी त्यांच्या कसणाऱ्यांच्या नांवें रयतावा करून दिल्या व राबणुकीचें जोखड काढलें. मुंबई इलाख्यांतील मुलखांत कुलकर्णी वतनें जाण्यास १९५० चा कायदा व्हावा लागला आणि महारकीसारखीं कनिष्ठ गांववतनें जाण्यास १९५८ चा. यावरून महाराजांचें पाऊल किती पुढचें होतें हें कळेल.

परंतु मला त्यांच्या कामांतील दुसऱ्या एका गोष्टीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. त्यांनीं जमिनीचा प्रश्न सुटा कधींच धरला नाहीं. १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसली व ती पुढें गुळाची मोठी बाजारपेठ झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भोगावती नदीवर राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें गेलें. तें पुरें होण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला, तरी कल्पना व आरंभ त्यांचा. १९१७ सालीं संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. म्हणजे हक्क, पाणी, बाजार आणि शाळा या चारही गोष्टी एकाच मनांत एकत्र नांदत होत्या. पुढें आपण या चार गोष्टी चार खात्यांत वाटून टाकल्या. लहान शेतकऱ्याच्या गरिबीचें उत्तर यांपैकीं एकट्यादुकट्या खात्याजवळ नाहीं, हें ध्यानांत ठेवून पुढें जाऊं.

बाकीच्या महाराष्ट्रांत काय चाललें होतें? १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुप्यास शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. हे दंगे पुणें व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा केली. कोंकणांत खोतीच्या जुलुमाविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गांवीं १९३३ मध्यें शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं संप पुकारला. जमिनी पडीक टाकून, लांकडें फोडून व मिळेल ती मजुरी करून तो त्यांनीं सुमारें सहा वर्षें चालविला. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. कोल्हापुरांतही माधवराव बागल यांच्यासारख्यांनीं शेतकऱ्यांचीं गाऱ्हाणीं दरबारापुढें नेलीं आणि १९३९ मध्यें प्रजा परिषद उभी राहिली. सारांश, पुढें झालेले कायदे कोणा एका मंत्र्याच्या मनांत आले म्हणून झाले नाहींत. ते मागून, भांडून व सोसून मिळविलेले आहेत.

मुंबई सरकारचा पहिला कूळकायदा १९३९ चा. त्याहून पुष्कळ व्यापक असा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ सालीं झाला. त्यानें कुळास सहजासहजीं काढून लावण्यास बंदी केली आणि खंडाला मर्यादा घातली: कोरडवाहू जमिनीस पिकाच्या एकतृतीयांशाहून व बागाइतास एकचतुर्थांशाहून अधिक खंड घेतां येणार नाहीं, असें ठरविलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें व त्यानंतर हे कायदे येथेंही लागू झाले. विलीन झालेल्या मुलखांतील जहागिरी १९५४ मध्यें गेल्या. आणि मग तो दिवस आला ज्याला कायद्याच्या भाषेंत ‘कृषक दिन’ म्हणतात: १ एप्रिल १९५७. त्या दिवशीं जो कूळ म्हणून कायदेशीर रीतीनें जमीन कसत होता, तो कायद्यानें त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. कोणीं विकली नाहीं, कोणीं मागितली नाहीं, तरी खरेदी झाली. म्हणून तिला ‘मानीव खरेदी’ असें नांव पडलें.

ही जमीन फुकट मिळाली असा समज शहरांत आहे. तो बरोबर नाहीं. कलम ३२ ग प्रमाणें शेतजमीन न्यायाधिकरणापुढें चौकशी होई आणि किंमत ठरे. कायम कुळास खंडाच्या सहापट, आणि इतर कुळांस साऱ्याच्या वीस पटींपासून दोनशे पटींपर्यंत, अशी ती होती. शिवाय विहीर, झाडें, बांधकाम यांची किंमत वेगळी. एक उदाहरण घेऊं. तीन एकर जमिनीचा सारा सहा रुपये आहे असें धरा. तर किंमत एकशेंवीस रुपयांपासून बाराशें रुपयांपर्यंत केव्हांही बसूं शकली असती. ती हप्त्यांनीं भरावयाची व पुरी भरल्यावर ३२ म चा दाखला घ्यावयाचा. आज हा आंकडा आपणांस किरकोळ वाटतो. परंतु ज्या घरांत रोख रुपया केवळ दसऱ्या-दिवाळीला दिसे, त्या घराला बाराशें रुपये डोंगराएवढे होते. ज्या कुळांनीं ते हप्ते भरले त्यांनीं जमीन खऱ्या अर्थानें विकत घेतली.

जमीनमालकांची बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. मालक म्हणजे नेहमीं जहागीरदारच असे असें नाहीं. चार-पांच एकरांच्या खंडावर शहरांत दिवस कंठणारी विधवा, अज्ञान मुलें, पलटणींत गेलेला शिपाई हेही मालकच होते. कायद्यानें त्यांचा विचार करून त्यांच्या जमिनींच्या बाबतींत कुळाचा खरेदीचा हक्क पुढें ढकलला. हेतु चांगला होता. मात्र हा पुढें ढकललेला हक्क मिळविण्यासाठीं कुळानें ठराविक मुदतींत मालकाला व न्यायाधिकरणाला नोटीस द्यावयाची होती; आणि ज्याला वाचतां येत नाहीं त्याला मुदत म्हणजे काय हें ती टळून गेल्यावरच कळे. अशा प्रकारचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले. दोन्ही पक्षांचीं घरें त्यांत झिजलीं.

कायद्याला गळती लागली ती याहून मोठ्या भोंकांतून. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनीं १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीची गांवोगांव पाहणी केली व त्यांचा अहवाल १९५७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांना असें आढळलें कीं, कायदा होऊनही कुळांचें बदलणें व जमिनी परत जाणें थांबलें नव्हतें. पुष्कळ कुळांनीं ‘राजीखुषीनें’ जमीन सोडल्याच्या नोंदी होत्या, पण ती राजीखुषी खरी मानण्यासारखी नव्हती. असें कां व्हावें? खेड्यांतील व्यवहार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. कूळ जमिनीसाठीं ज्याच्यावर अवलंबून, त्याच्याकडूनच बियाणें, अडल्यावेळचें धान्य, मुलीच्या लग्नाची उचल आणि गांवांतील शब्द मिळे. अशा माणसाविरुद्ध कचेरींत उभें राहून ‘मी कूळ आहें’ असें म्हणणें म्हणजे बाकीचीं सारीं दारें बंद करून घेणें. शिवाय नांव वहीवर असावें लागे. आणि वही लिहिणाऱ्याशीं कुळाची ओळख बहुधा लांबूनच असे. ज्या गांवांत कुळांना पाठीशीं संघटना होती, चार शिकलेलीं पोरें होतीं, तेथें कायदा उतरला. जेथें नव्हतीं तेथें तो वरच्यावर वाहून गेला.

यापुढचा कायदा कमाल जमीनधारणेचा. तो १९६१ चा. २६ जानेवारी १९६२ पासून अंमलांत आला. १९७५ मध्यें मर्यादा पुष्कळ खालीं आणण्यांत आल्या: बारमाही बागाइतास १८ एकर, तर पूर्ण कोरडवाहू जमिनीस ५४ एकर. या कायद्याचा मोठा परिणाम दिसला तो तेव्हांच्या अहमदनगर, पुणें, सोलापूर या भागांतील खाजगी साखर कारखान्यांच्या विस्तीर्ण मळ्यांवर. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत, जेथें मुळांतच दोनचार एकरांची वहिवाट, तेथें मर्यादेबाहेरची जमीन निघणार किती आणि ती पुरणार कोणाला? मोठ्या ताटांतलें काढून लहान ताटांत वाढावयाचें तर मोठें ताट पंगतींत असावें लागतें.

येथें आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतों: नांव लागलें, पण त्या जमिनीवर कुटुंब जगतें काय?

हा प्रश्न आजचा नाहीं. डॉ. हॅरोल्ड मान यांनीं पुण्याजवळच्या पिंपळें सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या गांवीं १७७१ मध्यें सरासरी खातें ४० एकरांचें होतें. १८१८ मध्यें साडेसतरा एकर झालें. १९१४-१५ मध्यें अवघें सात एकर उरलें. पुढची गोष्ट शेतीगणनेच्या आंकड्यांवरून कळते. १९७०-७१ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ५० लाख वहिती खातीं होतीं आणि सरासरी खातें ४.२८ हेक्टरांचें, म्हणजे साडेदहा एकरांचें होतें. २०१५-१६ मध्यें खातीं सुमारें १ कोटि ५३ लाख झालीं आणि सरासरी १.३४ हेक्टरांवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. जमीन जवळजवळ तेवढीच, धनी तिप्पट.

हें घरांत कसें घडतें तें पहा. १९५७ मध्यें एका कुळाच्या नांवें सहा एकर जमीन लागली. त्याला तीन मुलगे. प्रत्येकीं दोन एकर. त्या प्रत्येकाला पुन्हां तीन मुलगे. चाळीस गुंठ्यांचा एकर, तेव्हां प्रत्येकाच्या वांट्यास सत्तावीस गुंठेही येत नाहींत. बरें, हे गुंठे तरी एका ठिकाणीं असतात काय? नाहीं. नदीकांठची काळी जमीन, मधलें मध्यम रान आणि वरचा माळ, यांत प्रत्येकाला सारखा वांटा हवा. ही मागणी अगदीं रास्त आहे, कारण एकाला सारा मळा व दुसऱ्याला सारा माळ देणें हा अन्याय ठरेल. पण तिचा परिणाम असा होतो कीं, दहा-दहा गुंठ्यांचीं आंखूड पट्टे पडतात. बांधाखालीं जमीन जाते, बैल वळत नाहींत, ट्रॅक्टर फिरत नाहीं, आणि पाण्याची वाट भावाच्या पिकांतून काढावी लागते. भावाभावांत जे तंटे होतात त्यांतील निम्मे या वाटेवरून. तुकडे पाडूं नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. पण कायद्यानें नोंद अडते, पोटें अडत नाहींत. लोकांनीं तोंडी वांटण्या केल्या, कागद सामाईकच ठेवला. अखेर २०२३ मध्यें सरकारलाच प्रमाणभूत क्षेत्र बागाइतास दहा गुंठे व जिराइतास वीस गुंठे इतकें खालीं आणावें लागलें.

आपण म्हणाल कीं, कोल्हापूर तर सुखी जिल्हा. तेथें वीस गुंठ्यांतही ऊंस होतो. हें खरें आहे, आणि तें कसें झालें हें समजून घेण्यासारखें आहे. नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधले गेले; पावसाळा संपला कीं त्यांत बरगे घालून पाणी अडवितात व पुढच्या पावसाआधीं बरगे काढून नदी मोकळी करितात. या अडविलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन उपसा योजना केल्या. वारणेच्या कांठीं तात्यासाहेब कोरे, इचलकरंजीकडे रत्नाप्पाण्णा कुंभार यांसारख्यांनीं सहकारी साखर कारखाने उभे केले. १९६३ मध्यें जिल्हा दूध संघ निघाला, जो ‘गोकुळ’ या नांवानें घरोघर पोंचला आहे. पाणी, बाजार आणि पत या तिन्ही गोष्टी जेथें जमिनीच्या मागोमाग आल्या तेथें लहान शेतकरी तगला. हा कोल्हापूरचा खरा धडा.

पण तो कितपत तगला याचा साधा हिशेब मांडूं. वीस गुंठे ऊंस. एकरीं चाळीस टन उतारा व टनाला तीन हजार रुपये भाव धरला तर साठ हजार रुपये होतात. नांगरट, बियाणें, खत, पाणीपट्टी, भांगलण यांत निम्मे गेले असें मानूं. उरले तीस हजार. आडसाली ऊंस शेतांत दीड वर्ष उभा असतो. म्हणजे महिन्याला सतराशें रुपयेही पडत नाहींत. त्यावर पांच माणसांचें घर चालत नाहीं हें सांगावयास अर्थशास्त्र नको. घर चालतें तें दर दहा दिवसांनीं येणाऱ्या दुधाच्या बिलावर, एकाच्या एम. आय. डी. सी. तील नोकरीवर, आणि बाईच्या मजुरीवर. ऊंस हा त्या घराची पत टिकवितो. भाकर इतर ठिकाणाहून येते. शिवाय एकसारखें पाणी दिल्यानें शिरोळकडील पुष्कळ चांगली जमीन क्षारपड झाली, तीही आपल्याच डोळ्यांदेखत.

आणि कोल्हापूर म्हणजे केवळ शिरोळ, हातकणंगले, करवीर नव्हे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हाही कोल्हापूरच. तेथें चार महिने पाऊस कोसळतो, आणि नंतर डोंगरउतारावरून पाणी खालच्या धरणांत जातें. तें पूर्वेकडच्या मळ्यांना मिळतें. वरच्या वाडीला भात, नाचणी आणि शहरांतील नोकरी. तेथल्या दोन एकरांपेक्षां खालचे वीस गुंठे अधिक देतात. म्हणून एकर मोजून गरिबी मोजतां येत नाहीं; पाणी कोणाच्या वांट्यास आलें हें विचारावें लागतें.

आतां एक असा विषय, ज्याचा शहरांतील श्रोत्यांशीं थेट संबंध आहे. गांवांतील पुष्कळ जमीन आज अशा लोकांच्या नांवें आहे जे गांवांत राहत नाहींत. त्यांत कुळाचे नातू आहेत तसेच जुन्या मालकांचेही. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, कोणी परदेशीं. जमीन करतो कोण? शेजारी, भावकींतला कोणी, किंवा भूमिहीन मजूर. पण हा व्यवहार केवळ तोंडी असतो, कारण नवें कूळ लागलें तर त्याला पुन्हां खरेदीचा हक्क पोंचेल, ही धास्ती मालकाला आहे. कायद्यांत तशी तरतूदही आहे. ज्या कायद्यानें कसणाऱ्याचें नांव वहीवर आणलें, त्याच कायद्याच्या भीतीनें आजच्या कसणाऱ्याचें नांव वहीपासून दूर ठेवलें जातें, असा हा विचित्र फेरा आहे.

याचा परिणाम काय होतो? माझा एक जुना विद्यार्थी नदीकांठीं दुसऱ्याची सव्वा एकर जमीन दहा-बारा वर्षें वाट्यानें करीत होता. ऑगस्ट १९ मध्यें, म्हणजे २०१९ च्या महापुरांत, उभा ऊंस आठवडाभर पाण्याखालीं राहून कुजला. खर्च त्यानें केलेला, कर्ज हातउसनें काढलेलें. सोसायटी त्याला कर्ज देईना, कारण सातबारा त्याचा नव्हे. पंचनामा झाला आणि भरपाई सातबाऱ्यावरील नांवाच्या खात्यांत, दूर शहरांत, जमा झाली. मालक भला गृहस्थ होता. कोणीं सांगितल्यावर त्यानें निम्मी रक्कम पाठवून दिली. तें त्याचें सौजन्य होतें; कसणाऱ्याचा हक्क तो नव्हता. पुढच्या पुराच्या वेळीं, २०२१ मध्यें, अशीं किती घरें सौजन्याची वाट पाहत बसलीं असतील याचा विचार करावा. २०१६ मध्यें नीति आयोगानें शेतजमीन भाडेपट्ट्याच्या एका नमुना कायद्याचा मसुदा केला. त्याचें तत्त्व असें कीं, मालकाची मालकी सुरक्षित राहावी आणि कसणाऱ्यालाही कर्ज, विमा व भरपाई मिळावी. यावर सुशिक्षितांनीं बोलावें व लिहावें. दोन्ही पक्षांच्या भीतीला त्यांत उत्तर आहे.

दुसरें नांव जें वहीवर दिसत नाहीं तें स्त्रीचें. भांगलण, खुरपणी, लावणी, काढणी, गोठा हीं सारीं कामें जिच्या हातून होतात, तिला सातबाऱ्यावर जागा मिळते ती बहुधा नवरा वारल्यावर. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें, महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें आणि सबंध देशांत २००५ च्या दुरुस्तीनें मुलीचा हक्क उत्तरोत्तर वाढत जाऊन भावाच्या बरोबरीचा झाला. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ति’ची मोहीम काढून पुरुषांनीं आपण होऊन बायकोच्या नांवें जमीन करून द्यावी असा प्रचार केला, व पुष्कळ गांवांनीं तो ऐकला. तरीही प्रत्यक्षांत बहिणीनें हक्कसोडपत्रावर सही करावी, म्हणजे माहेर टिकतें, अशी रीत आहे. मुलींना वांटा दिल्यानें जमिनीचे तुकडे वाढतील असें कांहीं जण म्हणतात. तीन भावांत तुकडे करतांना ही काळजी कोणास आठवत नाहीं.

मग शहरांतील कुटुंबांनीं करावें तरी काय? चार साध्या गोष्टी सुचवितों. पहिली: आपल्या घरांत गांवच्या जमिनीचा सातबारा असेल तर तो काढून वाचा. गांवनमुना सात म्हणजे हक्काची बाजू आणि बारा म्हणजे पिकांची. खात्याची एकूण जमीन आठ-अ वर दिसते. आजोबांचें नांव अजून तसेंच असेल तर वारसनोंद करून फेरफार मंजूर करून घ्या, आणि हें वडीलधारीं माणसें हयात असतांना करा. त्यांना कोणता गट कोणाकडून आला हें तोंडपाठ असतें. तें ज्ञान त्यांच्याबरोबर गेलें कीं वकिलाला पैसे देऊनही मिळत नाहीं. दुसरी: बहिणींचीं नांवें वगळूं नका. तिसरी: वांटणी कागदावर करतांना शेत मात्र शक्य तेवढें एकत्र करा, विहीर, मोटार व वाट सामाईक ठेवा, आणि वाट तेव्हांच लिहून ठेवा. चौथी: आपली जमीन जो करतो त्याच्याशीं नुकसानभरपाई कोणाची, हें पीक उभें असतांनाच ठरवा.

या चार गोष्टींनीं दारिद्र्य जाणार नाहीं, हें मला माहीत आहे. अर्ध्या एकरावर पांच माणसें शेतीनेंच जगलीं पाहिजेत असा हट्ट कोणीं धरूं नये. कांहींनीं शिकून दुसऱ्या कामास लागलें पाहिजे व तें काम त्यांस गांवाजवळ मिळालें पाहिजे. मीं शाळेच्या हजेरीपटावर हा प्रश्न वर्षानुवर्षें वाचला आहे. लावणीला एका वर्गाची हजेरी घटे. ऊंसाच्या हंगामांत तोडणीवाल्यांचीं पोरें चार महिने पाचटाच्या खोपींत येऊन राहत आणि शाळेच्या भिंतीपलीकडून आंत पाहत. तींही मुळांत लहान शेतकऱ्यांचींच मुलें. बीडकडील कोरडवाहू दोन-तीन एकर पोट भरीना म्हणून घर उचलून आलेलीं. आमच्या ऊंसाची गोडी ज्यांच्या कोयत्यावर अवलंबून, त्यांच्या गांवीं ना बंधारा पोंचला ना दूध संघ. सातबारा त्यांच्याजवळही होता.

जमीन कसणाऱ्याची झाली हें एका पिढीचें मोठें काम झालें, आणि त्याबद्दल त्या पिढीचें ऋण मानलें पाहिजे. पण नांव लागल्यावर पाणी, पत, बाजार आणि शाळा यांची जी जोड शंभर वर्षांपूर्वीं या नगरींतील एका राजाला आवश्यक वाटली, ती प्रत्येक गांवापर्यंत नेण्याचें काम शिल्लक आहे. आपल्या ताटांतील साखर, गूळ, तांदूळ व दूध ज्या वीस-वीस गुंठ्यांतून येतें, त्यांचा हिशेब आपल्या घरीं एकदां तरी मांडून पाहावा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.